कोळसा न जळलेला दिवस

आत्या सकाळच्या गाडीने आली ती स्वतःच्या लग्नाचा फोटो काखोटीला मारून. फोटो म्हणजे पाकिटात मावणारा नव्हे. चांगला दोन हात रुंद, जाड लाकडी चौकटीचा आणि काचेचा. त्याला गाडीत खिडकीजवळची जागा हवी म्हणून तिने एका धडधाकट बटाटेवाल्याला प्रवासभर उभं केलं होतं, आणि उतरल्यावर त्याच्याच डोक्यावर देऊन तो वेटिंग रूमपर्यंत आणवला होता.

“प्रदर्शनात हा हवाच,” ती दारातूनच म्हणाली. “छोट्या लाइनची शंभर वर्षं मांडताय ना? मग बघा. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, स्टेशनमास्तर, दोन्ही फाटकवाले, सगळे एका ओळीत. इतकी माणसं पुन्हा कधी एका जागी सापडली नाहीत.”

“आणि नवरी?” वहिनीने विचारलं.

“नवरी कोपऱ्यात आहे. या घरात नवरीला कोण विचारतंय?”

मास्तर स्टुलावर चढून खिळा ठोकत होती. स्टेशनमास्तरची खुर्ची तिला मिळून सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरातही सगळे तिला मास्तरच म्हणत. बाबा रागावले की ‘मास्तरसाहेब’ म्हणत. तिने फोटो टांगला, दोन पावलं मागे येऊन तो सरळ आहे ना पाहिलं, आणि मग तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली. फोटोग्राफरने तिथे पांढऱ्या शाईने तारीख घातली होती. एक्कावन्न वर्षांपूर्वीची. ती तिने पुन्हा एकदा वाचली.

हीच तारीख तिने काल जुन्या नोंदवहीत वाचली होती, आणि लक्षात राहावी अशी तिथे एकच गोष्ट होती. रोजच्या ओळीत सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, डबे, दुधाच्या कॅन आणि जळलेला कोळसा असे रकाने असत. त्या दिवशी गाडी वेळेवर सुटली होती, वेळेवर पोचली होती, परतही आली होती. कोळशाच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं, ‘नाही’. काल तिला वाटलं होतं की लिहिणाऱ्याला डुलकी लागली असेल. आता समोर ड्रायव्हर म्हणजे आजोबा, फायरमन म्हणजे तेविशीतले बाबा आणि गार्ड म्हणजे आजोबांचे मेव्हणे, तिघेही नवे कोट घालून, छाती काढून उभे होते. मागे दिसत होतं ते आत्याच्या सासरचं अंगण, जे इथून बैलगाडीने एका रात्रीच्या वाटेवर होतं.

मग गाडीवर कोण होतं?

एरवी तिने हा प्रश्न हसून सोडून दिला असता. पण आज अडीचच्या गाडीने तपासणीसबाई येणार होत्या. मुख्य कचेरीने सगळ्या छोट्या लाइनींचा निकाल लावायला घेतला होता. शंभर वर्षं ज्या लाइनीची सेवा एकही दिवस खंडित झाली नाही ती जपायची, बाकीच्यांचे रूळ उखडायचे, असं ठरलं होतं. मास्तरच्या टेबलावर छापील कागद पडला होता: ‘या लाइनवर सुरुवातीपासून आजपर्यंत एकही दिवस सेवा खंडित झालेली नाही.’ खाली तिच्या सहीची जागा होती.

आणि ती सही ती डोळे मिटून करणार होती, कारण हे वाक्य तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं. पणजोबा रूळ टाकणाऱ्यांचे मुकादम. ओढ्यापलीकडचा बटाटा बाजारात पोचेपर्यंत कुजायचा आणि दूध नासायचं, म्हणून शेतकऱ्यांनी अर्ज करकरून ही लाइन मागून घेतली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, हे तर खेळणं आहे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खेळण्यात बसायला भांडले. पहिलं इंजिन कुठल्याशा कारखान्यातून जुनं आणलेलं होतं. चढावर ते इतकं हळू चाले की माणसं उतरून शेतातली दोन गाजरं उपटून पुन्हा त्याच डब्यात चढत. हे सगळं मास्तरने प्रदर्शनासाठी वहीत सुरेख अक्षरात उतरवलं होतं. शेवटचं वाक्य बाबांचं होतं: ‘आमच्या घराने एकही फेरी चुकवली नाही.’

हेच वाक्य बाबा आत्ता बाहेर फलाटावर घंटा पुसता पुसता त्या बटाटेवाल्याला ऐकवत होते. बिचारा आधीच दोन तास उभा होता.

जेवायला सगळे वेटिंग रूममध्येच बसले, कारण प्रदर्शनाची टेबलं मांडलेलीच होती. बाबा, आत्या, दादा, वहिनी आणि मास्तर. दादा म्हणजे मास्तरचा थोरला भाऊ, आताच्या डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर. खिडकीशी बाकावर मळेवाले आजोबा होते, ऐंशीच्या घरातले, वरच्या मळ्यातून रोज स्टेशनच्या चहाचं दूध घालणारे. ते पोचल्यावर कपभर चहा घेत, आणि मग त्यांना कुणी ‘बसा’ म्हणत नसे आणि ‘निघा’ही म्हणत नसे.

“बाबा,” मास्तरने नोंदवही उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली, “या दिवशी गाडी कुणी चालवली?”

बाबांनी चष्मा न लावताच पाहिलं. “वेळेवर लिहिलंय ना? मग झालं.”

“अक्षर तुमचं आहे.”

“सुंदर आहे. तुझ्यासारखं कोंबडीने पाय टाकल्यासारखं नाही.”

“आणि तुम्ही तिकडे आहात.” मास्तरने भिंतीकडे बोट दाखवलं. “त्याच दिवशी. आजोबा आहेत, गार्डमामा आहेत, तेव्हाचे मास्तरही आहेत.”

सगळ्यांनी माना वळवून फोटोकडे पाहिलं. आत्याने मात्र पाहिलं नाही. तिने एकदम भाजी वाढायला घेतली, तीही ज्याला नको होती त्याला.

“गाडी धावली असेल गं,” ती म्हणाली. “नोंद आहे म्हणजे धावली. अण्णा कशाला खोटं लिहील?”

“कोळसा न जाळता?”

“त्या दिवशी उतार जास्त असेल,” वहिनी म्हणाली आणि स्वतःच हसली.

दादाने नोंदवही ओढून घेतली. गाडी चालवणाऱ्या माणसाला लिहिलेल्या गोष्टींचा वचक कमी असतो. “पान चिकटवून टाक. शंभर वर्षांच्या वह्या आहेत, कुठेतरी दोन पानं चिकटायचीच.”

“त्यापेक्षा कोळशापुढे आकडा घाल,” वहिनी म्हणाली. “मी घालते. माझं अक्षर बाबांसारखं येतं. मुलांच्या शाळेत मीच त्यांच्या सह्या करते.”

“काय?” बाबा म्हणाले.

“काही नाही. भात घ्या.”

“कुणी काही चिकटवायचं नाही आणि घालायचं नाही,” मास्तर म्हणाली. “सही माझी आहे. बाबा, खरं काय ते सांगा.”

बाबांनी हात धुतले. ते उभे राहिले की खोली लहान वाटे, आणि हे त्यांना माहीत होतं. “खरं एवढंच की लग्नाची तारीख आम्ही काढली नव्हती. तिच्या सासऱ्यांनी काढली. आम्ही म्हणत होतो रविवारी करा, रविवारी सकाळची गाडी नसते. पण यांना तोच दिवस हवा होता. छकुलीचं लग्न नसतं तर—”

बहात्तर वर्षांच्या छकुलीने डाव भांड्यात आपटला.

“माझं लग्न नसतं तर? अण्णा, पुन्हा बोल.”

“मी फक्त म्हटलं—”

“एक्कावन्न वर्षं तुझी बाजू घेतली. आत्तासुद्धा घेत होते, या पोरीदेखत, धडधडीत. आणि खापर माझ्या डोक्यावर?” ती मास्तरकडे वळली. “ऐक. तुझ्या आजोबांनी आठवडाभर आधी चिठ्ठी लिहिली होती, जंक्शनवर द्यायला. अमुक दिवशी आम्ही सगळे लग्नाला जाणार, बदलीची माणसं पाठवा. चिठ्ठी दिली गार्डमामांकडे. मामांनी दिली तुझ्या बापाकडे, म्हणाले, तू तरणा आहेस, उडी मारून देऊन ये. यानं ठेवली कोटाच्या खिशात.”

“छकुले.”

“कोळशाच्या कोटाच्या खिशात! आणि लग्नाला आला नवा कोट घालून. फोटो काढायला सगळे उभे राहिले. मी नवरी, मला दुसरं काय काम? माणसं मोजत होते. ड्रायव्हर आहे, फायरमन आहे, गार्ड आहे. मी सहज विचारलं, गाडीवर कोण आहे? तुझे आजोबा म्हणाले, बदलीची माणसं. म्हटलं, कोण कोण? कुणालाच माहीत नाही. आणि हा माझा भाऊ, याचा हात असा गेला खिशाकडे.” आत्याने छातीवर हात नेऊन दाखवला. “खिसा रिकामा. तोंड पांढरंफटक. नीट बघा फोटोत, नवरीपेक्षा जास्त पावडर यानं लावलीय असं वाटतं.”

दादा खरंच उठून फोटोजवळ गेला आणि हसत सुटला. वहिनीने पदर तोंडाला लावला. मास्तरला मात्र हसू येईना, कारण बाबा हसत नव्हते.

“आजोबांना कळलं होतं?” तिने विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. आवाज एकदम साधा झाला होता. “त्यांना वाटलं, जंक्शनवाल्यांनी माणसं पाठवलीच नाहीत. तिथल्या मोठ्या बाबूशी अकरा वर्षं बोलले नाहीत. समोर आला की टोपी डोळ्यांवर ओढायचे. मी रोज बघायचो. रोज ठरवायचो, आज सांगतो.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुसऱ्या दिवशी पहाटे परत आलो तर इंजिन गार पडलेलं. डबे जागच्या जागी उभे, रिकामे, धुतलेले. आम्हाला वाटलं, लोकांनी वाट बघून दूध घरी नेलं, नाहीतर ओतून दिलं. कुणाची एक तक्रार आली नाही. तुझे आजोबा म्हणाले, लिही वेळेवर. मी लिहिलं. कोळसा वजनावर असतो, तिथे थाप चालत नाही, म्हणून तिथे खरं लिहिलं.”

एक वाजत आला होता. दादाला जंक्शनला जाऊन अडीचची गाडी आणायची होती. तो टोपी घालून दारात थांबला. “मी त्या बाईंना घेऊन येतो. तोवर आपण खरे आहोत की खोटे ते ठरवून ठेवा, म्हणजे मला वाटेत काय बोलायचं ते कळेल.”

“वाटेत गप्प बस,” वहिनी म्हणाली.

दादा गेला आणि वहिनीने भांडी उचलायला घेतली. मास्तरने छापील कागद टेबलावरून उचलला, पुन्हा ठेवला.

“मी यावर सही करणार नाही, बाबा.”

“मग रूळ काढतील. माझ्या डोळ्यांदेखत.”

“माहीत आहे.”

“दादाची नोकरी जाईल. तुझी जाईल. वरच्या मळ्याचं दूध पुन्हा ओढ्याशी नासेल. एका खिशापायी.”

“माहीत आहे हो!” ती ओरडलीच, आणि मग तिला वाईट वाटलं. या माणसाने तिला पहिल्यांदा कंदील धरायला शिकवलं होतं, आणि तिची परीक्षा होती तेव्हा तो तिच्यापेक्षा जास्त रात्री जागला होता. त्याला खोटं पाडायचं म्हणजे स्वतःच्या घराची वीट काढण्यासारखं होतं. पण खोटी सही करून वाचवलेल्या लाइनवर रोज सकाळी हिरवा झेंडा कुठल्या तोंडाने दाखवायचा?

“मास्तर,” खिडकीशी कुणीतरी खाकरलं, “एवढ्या जुन्या गोष्टीला अजून शिक्षा असते का हो?”

सगळ्यांनी दचकून पाहिलं. मळेवाले आजोबा कप हातात धरून बसले होते. ते खोलीत आहेत हे सगळे विसरूनच गेले होते.

“तुम्हाला कसली शिक्षा, आजोबा?”

“नाही, म्हणजे, आम्ही अकरा जण होतो. त्यातले सात आता नाहीत. त्यांना काही करता येणार नाही.” त्यांनी कप खाली ठेवला. “त्या दिवशी गाडी आम्ही नेली.”

आत्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. “कुठे नेली?”

“जंक्शनला. कुठे नेणार? जाते तिथेच नेली.” एकदा बोलायला लागल्यावर त्यांना बरं वाटू लागलं. “सकाळी कॅन भरून आम्ही उभे. इंजिन गार, मास्तर नाहीत, कुणी नाही. बारा प्रवासी फलाटावर, त्यातला एक दात काढायला निघालेला. उन्हं वर यायला लागली. एकशे बारा कॅन दूध. आमच्या हिचं म्हणणं, लाइन खाली उतरतच जाते ना, मग इंजिन हवं कशाला? ते परत यायला लागतं. हिनं डब्यांच्या चाकांखालच्या पाचरी काढायला लावल्या. प्रत्येक डब्याच्या हातब्रेकवर दोन-दोन माणसं. आणि सोडली.”

“सोडली?” बाबा म्हणाले.

“हळूहळू हो. दातवाला घाबरून म्हणाला, आता दात दुखत नाही, मला उतरवा. पण थांबवायचं कोणी? कोबीच्या मळ्याशी सपाटी लागते, तिथे सगळे उतरून ढकलत नेली, तोही ढकलायला आला. जंक्शनच्या हमालानं विचारलं, इंजिन कुठंय? मी म्हटलं, पाण्याला गेलंय.”

वहिनी टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली.

“संध्याकाळी बैल लावून डबे वर आणले, धुतले, होते तसे लावले. दुसऱ्या दिवशी तुमचे वडील आले. आम्हाला वाटलं, आता पोलीस बोलावणार. सरकारी डबे, परवानगी नाही, काही नाही. पण ते डब्याभोवती फिरले आणि काहीच बोलले नाहीत. आम्ही म्हटलं, यांना कळलं नाही. गप्प बसा. अकरा जणांनी शपथ घेतली.” त्यांनी बाबांकडे पाहिलं. “तुम्ही फलाटावर सांगायचा ना, एकही फेरी चुकवली नाही, तेव्हा मला फार वाईट वाटायचं. वाटायचं, या भल्या माणसाला आपण फसवतोय.”

मास्तरने नोंदवहीकडे पाहिलं आणि मग तिलाही आवरेना. एक्कावन्न वर्षं स्टेशन मळ्यापासून लपवत होतं आणि मळा स्टेशनपासून, आणि दोघं रोज सकाळी एकमेकांना नमस्कार करत होते! आत्याने तर खुर्ची धरली होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हसत नव्हते ते एकटे बाबा. ते मळेवाल्यांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहून मास्तरचं हसू विरलं.

“छडी?” त्यांनी विचारलं. “छडी कुणाकडे होती?”

खोलीतल्या सगळ्यांना प्रश्न कळला, कारण याच प्रश्नावर हे घर चालत होतं. लाइन एकेरी, तिला छडी एकच, पितळी कड्याची. ज्याच्या हातात छडी त्यानेच रुळावर जायचं. नसेल तर समोरून ट्रॉली येईल, दुरुस्तीची माणसं येतील, काहीही येईल.

“ते मला नाही माहीत,” आजोबा म्हणाले. “पुढच्या डब्यावर आमची ही होती.”

वहिनीने तिच्या धाकट्या मुलाला सायकलवर पिटाळलं, आणि अर्ध्या तासात मळेवाल्या आजी त्याच सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काटक, हाताला अजून दुधाचा वास. त्यांनी आधी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. “बोललात?”

“बोललो.”

“पोटात काही राहत नाही या माणसाच्या. एक्कावन्नच वर्षं राहिलं.”

“आजी,” बाबा म्हणाले, “छडी घेतली होती?”

“घेतली होती म्हणजे? न घेता कसं जायचं?” आजींना हा प्रश्नच अपमानाचा वाटला. “कचेरीची खिडकी उघडी होती. आत उतरले, खुंटीवरची काढली, खिडकी लावून घेतली. जाताना काखेत आणि येताना काखेत. एवढं घट्ट मी माझ्या पोरांना धरलं नाही. डबे चोरले असतील आम्ही, पण नियम नाही मोडला.”

बाबा बाकावर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खांदे हलायला लागले तेव्हा मास्तर धावली. पण आत्या आधी पोचली होती. “अण्णा. अरे अण्णा.”

“मला वाटायचं,” ते हातांआडून म्हणाले, “आपण नव्हतो तेव्हा लाइन अनाथ पडली होती.”

 आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

अडीचची गाडी अडीचला आली. तपासणीसबाई उंच होत्या, हातात छोटी बॅग, बोलणं मोजकं. त्यांनी प्रदर्शन पाहिलं, वही चाळली, चहा नको म्हणाल्या आणि टेबलाशी येऊन बसल्या. दादा दारातून मास्तरकडे भुवया उंचावून विचारत होता: खरे की खोटे?

“सही झाली की मी मोकळी,” बाई म्हणाल्या.

मास्तरने पेन उचललं आणि खाली ठेवलं. “सही करण्याआधी तुम्हाला एक दिवस दाखवायचा आहे. त्या दिवशी इंजिन शेडमध्ये गार पडलं होतं, आणि आमच्यापैकी एकही माणूस इथे नव्हता. नोंदीत ‘वेळेवर’ लिहिलंय ते माहीत नसताना लिहिलंय.”

“ते मी लिहिलंय,” बाबा उठून उभे राहिले. या वेळी खोली लहान वाटली नाही. “बदलीची चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. आमच्या घराने एक फेरी चुकवली. माझ्यामुळे.”

बाईंनी बॅग उघडली आणि आतून एक कागद काढला. ती त्या नोंदवहीची मुख्य कचेरीतली नक्कल होती. कोळशाच्या रकान्याभोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ होतं.

“हेच विचारायला आले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही नुसती सही केली असती, तर मी पुढे काही न विचारता गेले असते, आणि अहवालात काय लिहायचं ते ठरलेलं होतं. आता सांगा. जंक्शनच्या त्या दिवशीच्या पावत्या मी पाहिल्या. एकशे बारा कॅन उतरल्यात. ते कसं?”

मग एकच गलका झाला. आजोबा सांगत होते, आजी त्यांना दुरुस्त करत होत्या, आत्या मध्येच लग्नाची बाजू मांडत होती. दादा पहिल्यांदाच ऐकत होता, त्यामुळे ‘इंजिन पाण्याला गेलंय’ला तो भिंतीला धरून खाली बसला. बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलत नव्हती.

“माणसं पोचली?”

“बारा,” आजी म्हणाल्या. “दातवालासुद्धा.”

“वेळेवर?”

“सहा मिनिटं आधी.”

“आधी पोचणं हीसुद्धा चूकच असते,” बाबा न राहवून म्हणाले.

“उतार होता!”

बाईंनी छापील कागद वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने. “‘सेवा खंडित झालेली नाही.’ सेवा कुणी द्यायची ते लिहिलेलं नाही.” त्यांनी तो मास्तरकडे सरकवला. “सही करा. मागच्या बाजूला आत्ता सांगितलंत ते सगळं लिहा, आणि पुढच्या डब्यावर ज्या होत्या त्यांची सही घ्या. निर्णय वरचे घेतात, पण माझी शिफारस आजवर परत आलेली नाही. मी चौदा लाइनी पाहिल्या. सगळीकडे सांगतात की चालवणाऱ्यांनी लाइन जपली. ही काढून उपयोग नाही, असं लिहीन. रूळ उचलले तरी हे लोक गाडी नेतील.” आणि मग त्यांनी चहा मागितला.

मास्तरने दोन्ही बाजूंनी लिहिलं. सही करताना तिचा हात इतका हलका झाला होता की अक्षर खरंच कोंबडीच्या पायासारखं आलं. आजींनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सही केली.

परतीची गाडी चार चाळीसला होती. बाई डब्यात बसल्या, कॅन चढल्या, आणि मास्तर कचेरीतून छडी घेऊन इंजिनाकडे निघाली. वाटेत बाबांनी हात पुढे केला. तिने छडी त्यांना दिली, त्यांनी ती तशीच आजींना दिली, आणि आजी तुरुतुरु चालत इंजिनापाशी गेल्या. दादाने वाकून छडीचं दुसरं टोक धरलं. आजी सोडेनात.

“ब्रेक तपासलास?”

“तपासला, आजी.”

“सगळ्या डब्यांचे?”

“सगळ्यांचे.”

“पुन्हा तपास. मी बघते.”

दादाने मास्तरकडे पाहिलं, मास्तरने बाबांकडे पाहिलं, आणि बाबा दुसरीकडे बघायला लागले. दादा खाली उतरला. एकेका डब्याशी जाऊन त्याने हातब्रेक आवळला, सोडला, आवळला. आजी शेजारून चालत होत्या, आणि खिडक्यांतून प्रवासी डोकी काढून पाहत होते. शेवटच्या डब्याशी आजींनी स्वतः चाक फिरवून बघितलं, मान हलवली आणि मग छडी सोडली. गाडी हलली. दादाने गरजेपेक्षा दुप्पट लांब शिट्टी दिली, आणि बटाट्याच्या शेतांमधून ती खाली उतरत वळणाआड गेली.

मास्तर कचेरीत येऊन नोंदवहीशी बसली. तिने आजच्या ओळीत लिहिलं: ‘सुटण्यास तीन मिनिटे उशीर. कारण, ब्रेक दोनदा तपासले.’

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“चार मिनिटं झाली होती,” ते म्हणाले. “चार लिही.”